राखेतली पावलं

रोज रात्री चुलीतली राख निवली
की मी ती जुन्या चाळणीनं चाळते
आणि खुराड्याच्या दारापासून हातभर
पातळ पसरून ठेवते.
चतुरा म्हणते, रांगोळी घालायलीस का कोंबड्याला?
म्हणलं, हो बाई, पाव्हणे येतात.

येतातच.
उजाडायच्या आधी मी वाकून वाचते:
उंदरांची शिवण, बारीक टाके, मधून शेपटीचा दोरा.
मुंगसाचं घाईचं अक्षर.
सायाळ एकदाच आली, वाट वाकडी करून का आली देव जाणे,
तिचे काटे राखेवरून फरफटत गेले
कुणी अर्धवट झाडून उठावं तसे.
धामण आली की एकच लांब वेलांटी,
त्या दिवशी दोन अंडी कमी.

आखाडा आमचा गावापासून कोसभर, कयाधूच्या अलीकडं.
पुढं गायरान, मागं तूर.
अकरा कोंबड्या, एक कोंबडा.
कोंबडा भित्रा, म्हणून नाव फौजदार.

भादव्यात कवडी गेली.
पांढऱ्यावर काळे ठिपके, खुडूक बसलेली,
नऊ अंडी, विसावा दिवस.
राखेत चार बोटांचा गोल, नखाची खूण नाही.
बाऊल.
अंडी कोमट होती. एक कानाला लावलं,
आत कुणीतरी दार वाजवत होतं.
टोपलीत कापूस घातला, रात्रभर चुलीच्या उबेला ठेवली.
नवातली दोन निघाली.

गुलाबभाईनं पुडी दिली.
"अंड्यात भरून ठिव. सकाळी आडवी पडंल."
कागदावर बारीक अक्षरं, एक कवटी.
मी ती वाशात खोचली
आणि काठी घेऊन तुरीत शिरले.

तिसऱ्या तासात ती बसलेली.
वाळल्या कुसळीच्या रंगाची, कानाला काळी शेंडी.
दोन पिल्लं. एकाच्या तोंडात कवडीचं पीस,
ते उडवायचं, झेपावून धरायचं, पुन्हा उडवायचं.
तिनं माझ्याकडं बघितलं
जसं मी उधारी मागायला आलेल्याकडं बघते,
दारातून हलायचं नाही आणि आत या म्हणायचं नाही.
काठीचं काय करायचं होतं ते मी विसरले.
तुरीची फुलं डोक्यावर घेऊन परत आले.

खुराड्याची कडी बघितली. ढिली.
आषाढापासून म्हणत होते, उद्या बघू.
सायकलीची जुनी तार पिळून घट्ट केली.
पुडी परत दिली तशी गुलाबभाई म्हणाला,
"लागली का?"
म्हणलं, कडी लागली.

पुढं ती यायची, चार-आठ दिवसांनी,
दाराचा वास घेऊन जायची.
मी आतून ऐकायची, कोंबड्या एकदम गप्प व्हायच्या
आणि मग हळूहळू पुन्हा कुरकुरायच्या.
शेषेरावांना हे सांगितलं नाही.
त्यांना सगळ्याचा हिशेब लागतो.

पौषात तूर निघाली. रान उघडं पडलं.
नंतर बारा दिवस तिचं पाऊल नाही.
उंदीर माजले, राखेत नुसती शिवणच शिवण.
कोंबड्या सुखरूप, अंडी मोप,
आणि मला झोप नाही.
डांबरी रस्त्यावरून येणाऱ्याला विचारायची,
वाटेत काही पडलेलं दिसलं का?
काय पडलं, म्हणायचे.
काही नाही, म्हणायची.

आज तेरावा. धुकं एवढं की खुराडं दिसंना.
कंदील खाली धरला:
एक गोल. पुढं दुसरा.
कडीपाशी ती बसून गेलेली,
शेपटीचा अर्धा चंद्र राखेत तसाच.

मी चतुराला हाक मारली, ये, बघ, लौकर ये.
ती पदर सावरत येईपर्यंत मी घाईत दार उघडलं होतं.
फौजदार छाती काढून बाहेर आला,
दोन्ही पायांनी राख उकरली,
मधोमध उभा राहिला
आणि बांग दिली.